ओठ मिटलेले, दात सुटे

तापीकाठच्या त्या गावात लग्न जमलं की पहिला निरोप जसोदाबाईंच्या घरी जायचा. "काकी, वैशाखमा कोठे बाहेरगाव जाशी नको, आमना घर लगीन शे." हळदीची गाणी जसोदाबाईंनी उचलल्याशिवाय नवरीच्या गालाला बोट लागत नसे. एक ओळ त्यांची, मग तीच ओळ मागच्या बायकांची, असं चालायचं. त्यांची ओळ ऐकायला केळीच्या बागेतले गडी फावडी टेकवून बांधावर येऊन उभे राहायचे. मालकाला ते खपायचं, कारण मालकही तिथेच उभा असायचा.

त्याच जसोदाबाईंच्या घरात आता लग्न आलं होतं. नात मोहिनीचं. आणि नेमका त्यांचाच जबडा उघडत नव्हता.

दुखणं आधी डाव्या कानापुढे आलं. मग चावताना कटकट आवाज येऊ लागला. मग एक दिवस जांभई देताना जबडा मध्येच अडकला आणि जसोदाबाईंची पाचावर धारण बसली. तेव्हापासून तोंड जेमतेम दोन बोटं शिरतील एवढंच उघडे. भाकरी दुधात कुस्करून खायची वेळ आली. मुलगा भावेश त्यांना घेऊन शहादा, नंदुरबार, सुरत असा हिंडला. एकाने दाढ काढली; दाढ गेली, दुखणं राहिलं. दुसऱ्याने कानात बत्ती लावून बघितलं, कान लख्ख निघाला. सुरतेत डोक्याचा फोटो काढला आणि सगळं नॉर्मल आहे म्हणून सांगितलं. तेव्हापासून जसोदाबाईंना 'नॉर्मल' या शब्दाचाच राग येऊ लागला.

"नॉर्मल शे तं मन्हं तोंड काबर उघडत नही?" त्या विचारायच्या. गावात वाहरू म्हणून एक जण लचकलेले पाय आणि उसण भरलेल्या पाठी बसवायचा, तोही हात जोडून म्हणाला, "जबडाले मी हात लावत नही, माय."

भावेश मनाने चांगला, पण समजूत घालण्यात अगदीच कच्चा. "माय, तू कसाले चिंता करस? मी डीजे सांगी ठेवेल शे," तो म्हणाला. जसोदाबाई आत गेल्या आणि चुलीपाशी बसून मनसोक्त रडल्या.

रडण्याचं कारण गाण्यापेक्षाही जुनं होतं. गुजर घरांतल्या रिवाजाप्रमाणे सुनेने जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, लाज काढायची. पदर पुढे ओढून चेहरा झाकायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. नव्या सुनांनी हे केव्हाच गुंडाळून ठेवलं होतं. भावेशची बायको तर सासऱ्यांशी कापसाच्या वाणावरून भांडायची. पण जसोदाबाई जुन्या वळणाच्या. त्यांचे जेठ रूपचंदआबा घरातले कर्ते. ओट्यावर त्यांची खाट पक्की. बसले की उजव्या हाताला घराचं दार आणि डाव्या हाताला शेजारच्या घराची भिंत. आणि जसोदाबाई दारात आल्या रे आल्या की आबा तोंड फिरवून त्या भिंतीकडे बघत बसायचे. लग्न होऊन आल्या दिवसापासून.

दुसऱ्या कुठल्या जेठाला असं करताना जसोदाबाईंनी पाहिलं नव्हतं. बाकीचे जेठ आपले पेपर वाचायचे, तंबाखू मळायचे. आबांनीच तेवढं तोंड फिरवायचं. जसोदाबाईंनी आपल्या मनाशी हिशेब मांडला होता: मी गरिबाघरची, रंगाने काळी, यांच्या मनात नसताना धाकट्या भावाने केलेली. यांना मी नको आहे. नवरा गिरधर साधा माणूस. त्याला हे सांगितलं तर तो म्हणायचा, "भाऊ तसाच शे," आणि केळीच्या बागेत निघून जायचा. त्यामुळे या घरात आपली काही किंमत असेल तर ती गाण्यामुळेच, हे जसोदाबाईंनी मनात घट्ट बांधून ठेवलं होतं. आता गाणंच गेलं, तर मग राहिलं काय?

हे सगळं मोहिनीला ठाऊक नव्हतं, पण आजीचे सुजलेले डोळे दिसत होते. "आजी, स्कूटीवर बस," ती एका सकाळी म्हणाली. "शहादाले एक जण शे. मन्ही कंबर तिनीच बरी करेल शे."

शहाद्यात बसस्टँडच्या मागे ग्रेसीची खोली होती. एक रुंद लाकडी बाक, वर गादी, एक पंखा, बस्स. ग्रेसी नवापूरकडच्या डोंगराळ भागातली. वडील दानियल भात लावायचे आणि सुगी संपली की मजुरीला गुजरातेत जायचे. त्यांच्या पाठीवर लहानपणी तेल चोळता चोळता या मुलीला पाठींचा नाद लागला असावा. आधी ती फिजिओथेरपी शिकली आणि मग आणखी काही वर्षं ऑस्टिओपॅथी. हा शब्द जसोदाबाईंच्या तोंडात मावण्याचा प्रश्नच नव्हता, तोंड तेव्हा दोनच बोटं उघडत होतं.

"आजी, आधीच सांगते," ग्रेसी म्हणाली. "मी गोळ्या-औषधं देणारी डॉक्टर नाही. ताप, गाठ, मोडलेलं हाड असेल तर दवाखान्यातच जायचं. म्हणून तुमचे सगळे कागद मी आधी बघणार." आणि तिने खरोखरच सगळे कागद बघितले. वजन घटलंय का, हाताला मुंग्या येतात का, डोळ्यांना कमी दिसतं का, असं खोदून खोदून विचारलं.

"सुई नही, गोळी नही," जसोदाबाई पुटपुटल्या. "मंग तू करस काय?"

"हातांनी बघते. हाडं, सांधे, स्नायू, त्यांच्यावरची आवरणं, हे सगळं एकमेकांना धरून असतं. एक जागा आखडली की शेजारची जागा तिचा भार उचलते. काही दिवस निभावते, मग थकून बोंबलायला लागते. आपण बोंबलणाऱ्या जागेला औषध लावत बसतो. मी आखडलेली जागा शोधते आणि तिला थोडी मोकळी करते. पुढचं शरीर आपलं आपण करतं."

जसोदाबाईंना हे लगेच पटलं. "म्हंजे एक वहू झोपनी का दुसरीनी कंबर मोडस," त्या म्हणाल्या. ग्रेसी इतकी हसली की पंख्याखालचे कागद उडाले आणि मोहिनीला ते गोळा करावे लागले.

मग जसोदाबाई बाकावर आडव्या झाल्या. आता ही मान धरून कडाकड वाजवणार, म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. तसलं काहीच झालं नाही. ग्रेसीने आधी पावलं हातात घेतली. मग कंबर, मग बरगड्या. श्वास घेताना डावी बाजू उजवीइतकी उचलत नाही, हे तिने मोहिनीचा हात तिथे ठेवून दाखवलं. डाव्या खांद्यापासून कानापर्यंतचे स्नायू ताठ होते. तिथे ती नुसता हात ठेवून थांबली. दाबलं नाही, चोळलं नाही. बराच वेळ थांबली. जसोदाबाईंना वाटलं, ही पोरगी झोपली की काय. आणि मग हाताखाली काहीतरी हळूच सैल झालं, आणि कधी नव्हे असा खोल श्वास त्यांच्या पोटापर्यंत गेला.

शेवटी ग्रेसीने हातमोजा घालून गालाच्या आतून जबड्याचा स्नायू चाचपला. तो सुपारीइतका कडक होता. "डाव्या बाजूने काही चावता का सतत? तंबाखू? सुपारी?"

"दाढच नही तं काय चावसू!"

"दात रागाने आवळता?"

"मी?" जसोदाबाई रागाने म्हणाल्या.

उठल्या तेव्हा तोंडात अडीच बोटं जात होती. ग्रेसीने घरी करायला एवढंच दिलं: गरम कापडाचा शेक, आणि दिवसभर एक गोष्ट ध्यानात ठेवायची. "ओठ मिटलेले, दात सुटे. जेवताना सोडून दात एकमेकांना लागताच कामा नयेत. एका दिवसात होणारं काम नाही हे, आजी. दर आठवड्याला या." परत येताना जसोदाबाई स्कूटीवर मागे बसून हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या. मोहिनीने आरशात बघितलं, पण बोलली नाही. बोललं तर थांबतील, एवढं तिला कळत होतं.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा गेल्या, तेव्हा सगळं जिथल्या तिथे. दोन बोटं. ग्रेसीने पुन्हा मोकळं केलं, पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मधल्या दिवसांत पत्रिका छापून आल्या, बस्ता झाला, मांडवासाठी बागेतले केळीचे खांब निवडून झाले. जसोदाबाईंचा धीर सुटत चालला.

"इथून जाता तेव्हा मोकळ्या असता," ग्रेसी विचारात पडून म्हणाली. "घरी जाऊन असं काय करता?"

"काय करसू? काम करस."

"मग मला ते कामच बघायचंय."

रविवारी चर्च आटोपून नवापूरहून परत येताना ग्रेसी वाट वाकडी करून गावात शिरली. जसोदाबाई हरखल्या. पाटावर बसवून तिला कढी-खिचडी वाढली, वर पापड. ग्रेसी जेवता जेवता बघत होती. आत घरात जसोदाबाईंचे दात सुटे होते, ओठ मिटलेले होते. बरं, ओठ फार वेळ मिटलेले राहत नव्हते, पण ते सोडून द्या. जेवण झालं. जसोदाबाईंनी वाळत घालायच्या डाळीचं घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि त्या बाहेर निघाल्या. ग्रेसी मागोमाग.

उंबऱ्यापाशी मान किंचित झुकली. हात घमेल्यात गुंतलेले, म्हणून डाव्या गालावरचा पदर दातांनी झटकन ओढून घट्ट धरला गेला. ओट्यावर खाटेवर बसलेल्या आबांनी त्याच क्षणी तोंड भिंतीकडे फिरवलं. ते फिरलेलं तोंड पदराआडून बघितलं आणि जसोदाबाईंचे दात आणखी आवळले. डाळ पसरून झाली, त्या परत आत आल्या, पदर सुटला. इतकं सगळं झालं आणि दोघांपैकी कोणालाच काही झाल्याचा पत्ता नव्हता.

"आजी! सापडलं!" ग्रेसी ओरडलीच. "तुम्ही दिवसभर पदर दातांत धरता!"

"ते काय दातमा धरनं व्हयनं?" जसोदाबाई चकित झाल्या. "ती लाज शे."

आता ग्रेसी परक्या घरची. रिवाज सोडा म्हणणं तिच्या तोंडून निघालं नाही, आणि निघालं असतं तरी जसोदाबाईंनी मानलं नसतं. तिने आपल्या पर्समधून मोठी सेफ्टी पिन काढली आणि पदर गालाच्या कडेने खांद्यापाशी अडकवून दिला. "चेहरा झाकलेला राहील, दात मोकळे राहतील. झालं?" जसोदाबाईंनी आरशात बघितलं. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत कोणाला सुचू नये, याची त्यांना लाजच वाटली.

एवढ्यात ओट्यावरून खाकरण्याचा आवाज आला. आबा कोणाला थेट हाक मारत नसत, खाकरत. मोहिनी बाहेर गेली आणि हसत परत आली. "ग्रेसीताई, मोठ्या आबांची मान उजवीकडे वळत नाही. बघशील का, विचारतायत. परवा उजव्या बाजूने बैलगाडी आली ती दिसलीच नाही, म्हणे."

ग्रेसी बाहेर खाटेपाशी गेली. जसोदाबाई दाराआड उभ्या राहिल्या. दाराआडून ऐकणं वाईट, हे त्यांना माहीत होतं; पण घर त्यांचं होतं आणि दारही.

ग्रेसीने आबांची मान दोन्ही हातांत घेतली, पाठीच्या मणक्यांवरून बोटं फिरवली. डावीकडे मान सरसर वळत होती, उजवीकडे वाटेतच थांबत होती. तिने आबांच्या डावीकडे बघितलं. भिंत होती, आणि भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. नुसता पोपडा निघालेला होता.

"आबा, एक विचारू? आजी बाहेर आल्या की तुम्ही भिंतीकडे का बघता?"

दाराआड जसोदाबाईंनी कान टवकारले. इतकी वर्षं जे कोणाला विचारता आलं नाही, ते या काल आलेल्या पोरीने चहाला साखर विचारावी तसं विचारलं होतं.

"वहूना हातमा हंडा ऱ्हास, घमेलं ऱ्हास," आबा म्हणाले. "मी दखी ऱ्हायनू तं तिले लाज काढनी पडस. म्हनीसन मी तोंड फिराई लेस. बिचारी मोकळी जावाले जोयजे." मग म्हणाले, "तिनं गानं शे ना बेटा, आख्खा गावमा तसं नही. या मांडवमा मी तेच आयकाले बठसू."

जसोदाबाई तिथेच, दाराला पाठ लावून, खाली बसल्या. म्हणजे यांनी तोंड फिरवायचं, ते आपल्याला पदर ओढावा लागू नये म्हणून. आणि आपण पदर ओढून दात आवळायचे, ते यांनी तोंड फिरवलं म्हणून! दोघांनी मिळून केवढा उद्योग केला होता हा, आणि एकमेकांना एक शब्द विचारला नव्हता. त्यांना हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. किती वर्षं त्या एका भल्या माणसावर रुसून बसल्या होत्या! त्यांना आबांची कीव आली, स्वतःची आली, आणि भिंतीचीही आली.

त्यानंतर ग्रेसी दर रविवारी वाट वाकडी करू लागली. आधी ओट्यावर आबांची मान, मग आत जसोदाबाईंचा जबडा. आबांना तिने सांगितलं होतं, खाटेवर बसल्या बसल्या दोन्ही बाजूंना सावकाश मान वळवायची, आणि आबा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत. जसोदाबाईंच्या तोंडात अडीच बोटं जाऊ लागली, मग तीन. कानापुढची कळ विरली. पण मोठा आवाज लावायची हिंमत काही होत नव्हती. हळदीच्या दिवशीच बघू, असं त्या म्हणत राहिल्या.

तो दिवस उजाडला. केळीचे खांब लावलेला हिरवा मांडव, ओट्यावर दारापाशी सतरंजी, सतरंजीवर बायका. मोहिनी पिवळ्या साडीत पाटावर बसली. ग्रेसीही बायकांत येऊन बसली होती. मांडवाच्या कोपऱ्यात भावेश डीजेच्या खोक्यापाशी उभा होता, वेळ पडली तर बटण दाबायला. त्याने आबांना शेजारच्या ओट्यावर बसा म्हणून विनवून पाहिलं होतं. आबा हलले नव्हते. "मन्ही जागा अठे शे," एवढंच म्हणाले होते.

फुलवंताबाई शेजारीण हळदीची वाटी घेऊन पुढे झाली. "गाय ना वं, जसोदा."

जसोदाबाईंनी पिन चाचपली. श्वास घेतला, पोटापर्यंत. सगळं गाव बघत होतं, आणि चार हातांवर जेठ. मान आपोआप झुकली. पिनेतून सुटलेला एवढासा काठ दातांनी शोधून काढला आणि घट्ट धरला. पहिली ओळ दातांमागेच अडकली. कानापुढे ओळखीची कळ आली. शेजारी बसलेल्या ग्रेसीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि कुजबुजली, "दात सुटे, आजी." पण दात सुटेनात. जबडा आता दुखऱ्या स्नायूंनी धरला नव्हता, उभ्या जन्माच्या सवयीने धरला होता, आणि तिथे ग्रेसीचा हात पोचत नव्हता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मोहिनीचे डोळे भरले. भावेशने बटणाकडे हात नेला.

"भावेशनी माय."

सगळा मांडव वळून बघू लागला. आबांनी हाक मारली होती. खाकरून नाही, मोहिनीच्या मार्फत नाही, थेट. जेठाने वहूला.

"दातमाईन पदर सोडी दे," आबा म्हणाले. "मन्ही मान आते भितकडे वळत नही. ग्रेसीबेननी बिघाडी टाकी."

हे धादांत खोटं होतं. आदल्याच दिवशी त्यांनी अर्ध्या गावाला मान दोन्हीकडे वळवून दाखवली होती. ग्रेसीने आपल्यावर आलेला आळ निमूटपणे सोसला आणि तोंडावर ओढणी घेतली, हसू दिसू नये म्हणून.

जसोदाबाईंनी मान वर केली. दातांतला काठ सुटला, पदर गालावरून मागे सरकून डोक्यावर राहिला. ऊन तोंडावर आलं. त्यांनी तोंड उघडलं, तीन बोटं, चार बोटं, कोण मोजतंय, आणि आवाज लावला:

"केळीना खांब, हिरवा मांडव,
हयद लावा, बाई, मन्ही मोहिनीले..."

मागच्या बायका क्षणभर विसरल्याच, मग सगळ्या एकदम झोपेतून उठवल्यासारख्या ओळ उचलू लागल्या. फुलवंताबाईने हळदीचं पहिलं बोट मोहिनीच्या गालाला लावलं. भावेशने डीजेची वायर काढून टाकली. केळीच्या बागेतून गिरधर आणि त्याचे गडी बांधावर येऊन उभे राहिले.

आणि रूपचंदआबांची मान गाणं संपेपर्यंत उजवीकडे होती.